नव्याआधी दोन प्लेट पोहे

८ ऑक्टोबर १९५८, चांदा
वसतिगृहातला जुना तांदूळ संपला! स्वयंपाकीण मनकर्णाबाईंनी नव्या धानाचा भात रांधला आणि आम्ही तिघे गोंड — मी, दसरू, लच्छू — ताटावरून उठलो. देवाला दिल्याशिवाय नवं धान्य आम्ही खात नाही. बाई भडकल्या. "काऊन रे, माया भातात किडे हायेत का?"

गावी जाऊन 'नवा' — म्हणजे नव्या धान्याची पूजा — करावा तर सोमवारी परीक्षा. ती बुडली की कॉलेजातून नाव कमी! व्यवस्थापक भैयाजींनी मोटारवाल्या जहीरकडे निरोप धाडला — गावाहून पुजारी वारलूकाकाला घेऊन ये. तोवर फुटाणे.

९ ऑक्टोबर
फुटाणे.

१० ऑक्टोबर
सत्यानाश! कय्यूमच्या हॉटेलात दोन प्लेट पोहे हाणले. मला वाटलं, जुन्या धानाचे असतील. तिसरी मागितली तर कय्यूम फुशारकीने म्हणतो, "नव्या धानाचे हायेत भाऊ, कालच कुटले!"

दसरू-लच्छू उपाशी, आणि मी ढेकर देतोय. लाज वाटते.

१२ ऑक्टोबर, रविवार
काका काल आला — काखेत कोंबडा, धोतरात मोहाची बाटली. आणि भैयाजी माळकरी! आज पूजा मांडताच म्हणाले, "मी जरा विहीर पाहून येतो." काकाने अडवलं. "तुमी कितीक देवाचे?" आमच्यात चार, पाच, सहा, सात देवांची कुळं, देव सारखे तर भाऊबंद, सोयरीक बंद. भैयाजी ऐटीत म्हणाले, "तेहतीस कोटी!"

काका हबकला. "अन् मंग पोरगी कुठी देता, बापा?"

हसू आलं, पण पोहे आठवले. ऐनाच्या झाडाखाली काकाने पहिला घास माझ्याच हातात दिला. तिघांत थोरला मीच! गप्प राहिलो तर देव तिघांनाही पाहून घेईल. बोललो तर नवा मोडेल, तो पुन्हा करायला गावी जावं लागेल, परीक्षाही जाईल. बोललो.

काकाने विचारलं, "कितीक पलेटी?"

"दोन."

"तर्री होती?"

"होती."

"मंग देवाले तसंच सांग. जोरानं."

मी ओरडून सांगितलं. दसरूने पाठीत गुद्दा घातला. मग तिघेही पोटभर भात जेवलो.

१३ ऑक्टोबर
पेपर दिला. संध्याकाळी लच्छू पाया पडायला वाकला. माझ्या! म्हटलं, "काऊन बे?"

"काका जाताना सांगून गेला. पुढच्या सालापासून नवा तूच करशील. इथला पुजारी आता तू."

हे सगळं सुटावं म्हणून तर मी कॉलेज धरलं होतं! रडू आलं.