रुमालावरचा केक

ठमे,

आज आईचा वाढदिवस, म्हणून तिचा केक करायला घेतला. तिच्या हातचा कृतीचा कागद तुझ्या कपाटात, आणि तुझं कपाट उघडायची माझी छाती नाही. म्हणून तू तिच्याच अक्षरात रुमालावर भरत होतीस, ती कृती समोर ठेवली. लोणी, साखर, अंडी, मैदा, सगळं टाक्यांबरहुकूम घातलं. 'ओव्हनमध्ये' इथवर आलो आणि टाके संपले. किती वेळ, ते आई गेल्यापासून तू शिवलेलंच नाहीस. मी तर चाळीस वर्षं हा केक फक्त खाल्ला.

पुढचा शब्द अंदाजाने मीच शिवून पाहिला. रुमालाबरोबर माझा पायजमाही शिवला गेला. दोन्ही तुझ्या खुर्चीवर आहेत. उसव, आणि हसू आलं तर खुशाल हस.

ती ओळ तू का सोडलीस, ते कळतं मला. आईच्या फोनचं रिचार्ज मीही बंद केलेलं नाही.

आत्याला आणायला स्टेशनवर चाललोय. मिश्रण भांड्यात ओतून फ्रिजमध्ये ठेवलंय. कागद काढ, वेळ बघ आणि केक भाजायला लाव. तो होईस्तोवर तुला निवांत बसता येईल. सुईत दोरा ओवून ठेवलाय, अकराव्या प्रयत्नात.

बाबा