खुराड्यामागची झाडं

पायसांदू, ११ फेब्रुवारी

प्रिय मिल्तन,

खूप आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो आता घरचाच झालाय. यंदा उन्हाळा असा तापलाय की कोंबड्या दुपारभर चोच उघडी टाकून पडलेल्या असतात आणि अंड्याचं नाव घेत नाहीत. शेजारची चोला म्हणते, या उकाड्यात तिलाही कुणाला काही द्यावंसं वाटत नाही. तरी तुला तिचा नमस्कार.

जुलैचं तिकीट काढलंस हे फोनवर सांगितलंस, तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणाले. तू म्हणशील, आईला काहीच वाटलं नाही. फोन ठेवला आणि तुझ्या खोलीतली गादी ओढत अंगणात नेऊन उन्हात टाकली. चोला कुंपणावरून बघत होती. पाच महिने आहेत अजून, म्हणाली. मी म्हटलं, बारा वर्षं कुणी झोपलेलं नाही त्या गादीवर, तिला ऊन लागणारच.

तू दर वेळी विचारतोस, आई, झोप लागते ना? आणि मी दर वेळी हो म्हणते. लागत नाही. बरीच वर्षं लागत नाही. दवाखान्यात आता एक नवी डॉक्टरीण आली आहे, तुझ्याहून लहान. तिनं गोळ्या लिहून देण्याऐवजी विचारलं, दिवसाला माटे किती घेता? मी म्हटलं, चारचौघं घेतात तेवढंच. सकाळी एक थर्मास, जेवणावर एक आणि संध्याकाळी दारात खुर्ची टाकून चोलाबरोबर एक. ती बिचारी कपाळाला हात लावून बसली. चहा-कॉफी तर मी शिवतही नाही, असं मी तिला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. माटेचा पालाही चहासारखीच झोप उडवतो हे मला बहात्तराव्या वर्षी कळलं.

तर आता चारनंतर माटे बंद. दुपारची झोपही बंद. दोन ते चार अख्खं गाव घोरत असतं आणि रस्त्यावर मी एकटी आणि दोन कुत्री. संध्याकाळी नदीपर्यंत चालून यायचं, टीव्ही खोलीतून बाहेर काढायचा, रोज ठरल्या वेळी अंथरुणाला पाठ टेकायची. आणि टेकण्याआधी जिभेखाली तीन थेंब. कसले, ते वाचून हसू नकोस. गांजाच्या तेलाचे.

हो, तुझी आई. पोस्टात जाऊन, घरी झाडं लावायला म्हणून, रीतसर नाव नोंदवलं. खिडकीवरचा माणूस शाळेत माझ्या हातचं सूप पिऊन मोठा झालेला. शिक्का मारताना त्यानं दोनदा माझ्याकडे बघितलं. सध्या औषधाच्या दुकानातली बाटली चालू आहे. पुढं घरचं तेल काढायचं, तेही डॉक्टरीणबाईंना विचारून. कायद्यानं सहा झाडांपर्यंत चालतं, मी तीन लावली. त्यातलं एक नर निघालं, ते उपटावं लागलं. नर ठेवला तर बाकीच्यांना बिया धरतात आणि सगळं वाया जातं. चोला म्हणाली, हा नियम आपल्या तरुणपणी असता तर तिचं भलं झालं असतं.

झाडं खुराड्यामागे लावली आहेत. तिथे ऊन चांगलं लागतं.

लावायचं कसं, खुडायचं कधी, ते एक जण येऊन दाखवून जातो. जाणकार आहे.

डॉक्टरीणबाईंनी एक वही दिली आहे. किती वाजता पडले, किती वाजता जाग आली, जाग आल्यावर मनात काय आलं, असे तीन रकाने आहेत. पहिले दोन मी नेमानं भरते.

तब्येत जप. फरश्या बसवताना गुडघ्याखाली काहीतरी घेत जा, नाहीतर माझ्यासारखे होतील.

तुझी आई


पायसांदू, १६ मार्च

प्रिय मिल्तन,

परवा तू फोन आपटलास. वालेन्सियातून आपटला तरी आवाज इथवर आला.

चूक माझीच. जाणकार कोण, असं तू विचारलंस आणि मी आल्सिदेसचं नाव घेतलं. त्यावर तू जे बोललास ते मी चोलालाही सांगितलेलं नाही. "तो फितूर त्या अंगणात पाय ठेवणार असेल तर मी येत नाही, तिकीट गेलं खड्ड्यात." मी काही बोलले नाही. तू बोलू दिलंही नसतंस, पण मी बोलले नसतेच.

मी त्याला बोलावलं नव्हतं. त्याचं आता खत-मातीचं दुकान आहे, बाजारामागे. मी मातीची पिशवी आणायला गेले, त्यानं माझ्या हातातल्या पिशवीतली बियांची पुडी बघितली, आणि दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर दोन पोती बांधून दारात हजर. "काकू, त्या मातीत गवतसुद्धा उगवायचं नाही." एवढंच बोलला. बारा वर्षांत पहिल्यांदा आमच्या दारात. मी त्याला आत ये म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्याचा पुढचा दात अजून नाही. बसवून घेत नाही. बोलताना शीळ वाजल्यासारखी होते. गावातल्या पोरी त्यावर हसतात, तोही हसतो. मला त्याच्या तोंडाकडे बघवत नाही. तो बोलत असला की मी झाडाकडे बघते, कोंबड्यांकडे बघते.

मिल्तन, त्यानं तुझं काही वाईट केलं असेल असं मला

हे वाक्य राहू दे.

झोपेचं सांगते. थेंबांचा उपयोग होतो. दहाला पडते आणि साडेदहाला खरंच डोळा लागतो. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. पण पहाटे साडेतीनला कुणी खांदा हलवल्यासारखी जाग येते आणि मग उजाडेपर्यंत टक्क. डॉक्टरीणबाईंनी वही चाळली आणि विचारलं, सहा आठवडे तिसरा रकाना कोरा कसा? मी म्हटलं, काहीच येत नाही मनात. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी शाळेत पोरांकडे बघायची, ती सूप प्यायलं म्हणून सांगायची आणि वाटी टेबलाखाली लपवायची तेव्हा. थेंब वाढवा म्हटलं तर वाढवायला तयार नाही. म्हणाली, थेंबांचं काम झालंय, पुढचं त्यांचं नाही.

घर फार मोठं झालंय रे. चोला मुलीकडे गेली आहे, पंधरा दिवस झाले. चारनंतर माटे नाही आणि दारात खुर्ची टाकावी तर समोर कुणी नाही. नदीवर जाते आणि परत येते. तुझी गादी काल पुन्हा उन्हात टाकली आणि पुन्हा आत नेली.

तू येणार नाहीस असं पक्कं करू नकोस. एवढं एक ऐक.

आई


पायसांदू, २० एप्रिल

मिल्तन,

हे पत्र बसून वाच. बाहेर असशील तर खिशात ठेव आणि घरी गेल्यावर वाच.

काल झाडं कापली. पाऊस होता, म्हणून पीठ मळून तोर्ता फ्रिता तळल्या. आल्सिदेस आणि मी स्वयंपाकघरात समोरासमोर बसून कात्रीनं पानं छाटत होतो. मोठी पानं टाकून द्यायची, कळे ठेवायचे, बोटांना चीक धरतो. सुकल्यावर ठेवायला हवाबंद डबा हवा, म्हणून त्यानं फळीवरून माटेच्या पाल्याचा, येर्बाचा जुना डबा काढला. तोच, हिरवा, झाकणावर घोड्याचं चित्र असलेला. म्हणाला, हा चालेल का काकू? आणि माझे हात थांबले.

आता सांगते. ज्या साली तुझे बाबा गेले, त्या सालचा मे महिना. दुपारी मी एकटी होते. माटे करायला तो डबा काढला, न बघता पेल्यात पाला भरला, गरम पाणी ओतलं, एक घोट ओढला. येर्बा नव्हती. काय होतं ते मला लगेच कळलं, कारण खुराड्यामागे तू जे टोमॅटो म्हणून लावले होतेस त्यांचाही तोच वास होता. बाबा जाऊन दोन महिने झाले होते. तू काम सोडलं होतंस, दिवसभर अंगणात त्या झाडांपाशी बसायचास, माझ्याशी बोलायचा नाहीस. मला वाटलं, नवरा गेला, आता हाही चालला. मी घाबरले. त्या घाबरण्यात मी वॉशिंग्टनकाकाला फोन केला.

फोन मी केला, मिल्तन.

मी त्याला म्हटलं, भावोजी, तुम्ही पोलिसात आहात, या आणि पोराला एकदा दम द्या, खुराड्यामागची झाडं तुमच्यासमोर उपटायला लावा. एवढंच हवं होतं मला. तो स्वतः आला नाही. त्याला निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, नात्यातलं प्रकरण अंगाशी येईल म्हणून त्यानं वरती कळवलं, आणि जीपमधून दोन अनोळखी माणसं आली. ती तडक खुराड्यामागे गेली. तुला हातकड्या घातल्या तेव्हा मी दारात उभी राहून रडत होते आणि विचारत होते, कुणी सांगितलं, कुणी सांगितलं. ते रडणं खरं होतं. प्रश्न खोटा होता.

अकरा महिने आत काढलेस. दोन वर्षांनी कायदा बदलला आणि आता तेच करायला मला पोस्टात शिक्का मारून देतात.

पण हेही एक वेळ मी सांगू शकले असते. माणूस घाबरतं, चुकतं. सांगता येत नाही ते पुढचं आहे. पहिल्या रविवारी मी तुला भेटायला आले, पाव-मिलानेसाचा डबा घेऊन. तू म्हणालास, आल्सिदेसनंच सांगितलं, दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणालास. आणि मी म्हटलं, "असेल."

दुसरं काही म्हटलं नाही. एक शब्द. तू सुटून आलास, चौकात त्याला गाठलंस, त्याचा दात पाडलास, आणि महिन्याभरात विमानात बसलास. दात तू पाडलास, पण तो माझ्या त्या शब्दानं पडला. रोज साडेतीनला मला जाग येते तेव्हा मी अंथरुणात तोच शब्द म्हणत असते. रकाना कोरा होता तो यामुळे.

काल मी हे सगळं आधी आल्सिदेसला सांगितलं, डबा मध्ये ठेवून. त्याची कात्री थांबली नाही.

"ठाऊक होतं मला, काकू," तो म्हणाला. "पोलीस आले ते सरळ तुमच्या खुराड्यामागे. मी सांगितलं नव्हतं, मग त्या जागेचं ठाऊक असणारं तिसरं कोण होतं? माझ्याकडे तर कुणी आलंच नाही. अर्धी रोपं माझ्याकडे होती. ती मी रात्रीतून नदीत टाकली."

मी विचारलं, मग बोलला का नाहीस? एवढा मार खाल्लास, गावानं फितूर म्हटलं, बोलला का नाहीस?

त्यानं एक कळा स्वच्छ केला, बाजूला ठेवला. मग म्हणाला, "आत असताना दर रविवारी त्याला डबा कोण नेत होतं? तुम्हीच ना. दुसरं होतं कोण त्याला?"

आणि सुटून आल्यावर? तर हसला. दात गेल्यावर बोलून काय, दात परत येणार होता? म्हणाला. मी रडत होते आणि तो तोर्ता फ्रिता खात होता, डाव्या बाजूनं, पुढून चावता येत नाही म्हणून.

जाताना मात्र त्यानं एक सांगितलं, ते तुझ्यापासून लपवत नाही. म्हणाला, काकू, पत्र आत्ता टाकू नका, जुलैत त्याला येऊ द्या, जेवूबिवू द्या, मग सांगा. मी रात्रभर त्यावर विचार केला. मोह झाला, खोटं कशाला सांगू. तू दारात उभा आहेस, बॅग खाली ठेवतोयस, इथपर्यंत सगळं डोळ्यांसमोर आलं. पण मग तू त्या गादीवर झोपशील आणि मी पलीकडच्या खोलीत जागी असेन. तुला पुन्हा फसवून घरात आणायचं नाही मला.

तेव्हा आता तू ठरव. आलास तर गादी तयार आहे. आला नाहीस तर का आला नाहीस हे मला ठाऊक असेल, विचारणार नाही. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, पण आल्सिदेसला एक फोन कर. त्याच्या दुकानाचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. त्याचा काही दोष नव्हता. मी हे तेव्हाच तुरुंगातल्या त्या टेबलाशी म्हणायला हवं होतं, आज म्हणते. त्याचा काही दोष नव्हता.

आत्ता दुपारचे तीन वाजले आहेत. चारला पोस्ट बंद होतं, म्हणजे माटेचा शेवटचा पेला पिऊन मला निघायला हवं. आज थेंब घेणार नाही. त्यांच्याशिवाय माझी मला कशी झोप लागते ते बघायचं आहे. पहाटे जाग आलीच, तर तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं ते आता मला माहीत आहे.

फोन केला तीच, आणि 'असेल' म्हणाली तीही,
तुझी आई
नेल्बा