तेजीवाल्यांचा रविवार

अमरावती,
ता. २ जुलै १९४२

प्रिय गोदा,

तू कशी आहेस हे विचारत नाही. मे महिन्यात तेरा दिवस तुझ्याजवळ अकोल्यात राहून मी ते डोळ्यांनी पाहून आले आहे. इकडे सगळे बरे आहेत. शालू मावशीकडे भातकुलीला गेली आहे आणि हे कोर्टात. हे पत्र यांना दाखवायचं नाही, म्हणून ते परतायच्या आत लिहून मी स्वतः टपालात टाकून येणार आहे. हिवरखेडला माझ्या बाबांपुढे आपण दोघी अक्षरं गिरवायला बसायचो, तेव्हा माझ्या शुद्धलेखनाच्या चुका तू हळूच पुसून द्यायचीस. आज चुका तशाच राहतील.

तुझा हरिहर रंगूनला तेलाच्या कंपनीत कारकून म्हणून निघाला, तेव्हा चिंतामण भावजी त्याला म्हणाले होते, समुद्र ओलांडलास तर या घराची पायरी चढू नकोस आणि तुझा कागदही या घरात येता कामा नये. वडिलांची भिक्षुकी सोडून मुलानं घासलेटाच्या कंपनीत खर्डेघाशी करावी, हे त्यांना सोसवलं नाही. मग तू मला म्हणालीस, अनू, त्याची पत्रं तुझ्या पत्त्यावर येऊ देत. मी मोठ्या ऐटीत हो म्हटलं. चार वर्षं त्याचं पत्र माझ्याकडे यायचं, माझ्या पाकिटात शिरून मैत्रिणीचं पत्र म्हणून तुझ्या घरात जायचं, आणि तुझं उत्तर तसंच उलट वाटेनं रंगूनला. भावजींना यातलं काही ठाऊक होतं की नाही देव जाणे. मला तर वाटतं, ठाऊक असूनही ते गप्प होते.

पण ते पत्र तुझ्या हाती पडण्यापूर्वी इथं काय व्हायचं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आमच्याकडे दर रविवारी बैठक भरायची. हे, जिनिंग फॅक्टरीवाले भगवंतराव आणि कातड्याचे व्यापारी गयासुद्दीन मियाँ. तिघांनीही हरिहरच्याच कंपनीचे शेअर घेतलेले. पानाचा डबा उघडायचा, मी चिवड्याची ताटली ठेवायची, आणि मग जगाचा कारभार आमच्या बैठकीतून चालायचा. यांनी शेअर घेतले ते माझ्या पाटल्या मोडून. जबरदस्ती मुळीच नव्हती. शालूच्या लग्नापर्यंत दुप्पट होतील असं हे म्हणाले, आणि मीच हातातून काढून दिल्या. हाव माझीही तेवढीच होती, उगाच सोवळेपणा कशाला सांगू?

तर या तिघांना हरिहरच्या पत्राची तुझ्याहून जास्त ओढ. पत्र आलं की हे मोठ्यानं वाचायचे. तो बिचारा आईला लिहायचा, इथला भात चिकट असतो, दिवाळीला मीच बेसन भाजलं ते करपलं, तुझ्या हातची ज्वारीची भाकरी स्वप्नात येते. ते सगळं वगळून हे पुढे जायचे आणि कंपनीचं एखादं वाक्य सापडलं की तिघं त्यावर तुटून पडायचे. आठवतं, एकदा त्यानं लिहिलं होतं, आई, हल्ली रविवारचीही सुट्टी मिळत नाही, डोळे दुखतात? ते वाचून तू रडलीस, तसं मला कळवलंसही. त्याच ओळीवर आमच्याकडे पेढे वाटले होते. रविवारी काम म्हणजे कंपनीला उसंत नाही, म्हणजे भाव चढणार. मीसुद्धा एक पेढा खाल्ला, गोदा.

जपान लढाईत उतरला आणि बैठकीत दोन तट पडले. हे तेजीवाले. लढाई म्हणजे जहाजं, विमानं, मोटारी, आणि सरकार काय तेलाच्या विहिरी सोडून पळेल? असं यांचं म्हणणं, अगदी कोर्टातल्यासारखं, एक बोट वर करून. भगवंतराव मंदीवाले. ते म्हणायचे, "वकीलसाहेब, इकून टाका अन् मोकळे व्हा. जपान काय तिथं शेंगा खायले येऊन राहिला? त्याले तेलच पायजे." गयासुद्दीन मियाँ दोघांच्या मधले. "गूळ तिथं मुंगळा जाईनच," म्हणायचे आणि शेअर मात्र धरून बसायचे. नाताळच्या आधी रंगूनवर बॉम्ब पडले, त्या रविवारी तर चिवडा तसाच राहिला. तरीही तिघांनी एकमेकांना विचारलं ते हेच, की आता भाव किती पडेल. पोर कसं आहे, हे कुणी विचारलं नाही. मीही मोठ्यानं विचारलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. रंगून पडलं. मे महिन्यात तुझ्या शेजारच्या आयशाबीचा मुलगा नासिर, जो त्याच कंपनीत डब्यांच्या कारखान्यात होता, हाडांचा सापळा होऊन अकोल्याला परतला आणि तुझ्या दारात उभा राहिला. अराकानच्या वाटेवर चालताना हरिहरला पटकी झाली, दोन दिवसांत आटोपलं, आणि नासिरनं मिळेल ते लाकूड गोळा करून त्याला अग्नी दिला. मंत्र कुठले असणार तिथं? म्हणून भावजींनी पळसाच्या पानांचा पुतळा बांधून सगळं पुन्हा यथासांग केलं. अकोल्यात कितीकांचे विधी त्यांनी केले असतील. स्वतःच्या मुलाचा करताना एकही मंत्र चुकले नाहीत. आणि उठताना म्हणाले, त्याला घर नको होतं, नाहीतर बाकीची माणसं आली तशी बोटीनं आला असता.

त्या दुपारी तू मला स्वयंपाकघरात नेलंस आणि विचारलंस, अनू, त्यानं तुला तरी कधी लिहिलं होतं का, की मला घरी यायचंय? मी नाही म्हणाले. तुझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. तू मान हलवलीस आणि चुलीपुढे जाऊन बसलीस.

गेल्या आठवड्यात नासिर इथं आला होता. मी पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही. म्हणाला, "बाई, हरिहरभाऊचं जानेवारीतलं पत्र भेटलं होतं का तुमाले?" मी पाण्याचा तांब्या उचलू लागले. तो म्हणाला, "बोटीत मले जागा नव्हती, त्याले होती. रोज तारऑफिसात जाये. मी म्हटलं, भाऊ, बोट सुटून राहिली, तू तरी जाय. तो म्हणे, घरची तार आल्याबिगर कसा जाऊ?" मग जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "भाऊच्या मायले मी हे काई सांगतलं नाई. तुमीच सांगा." त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

पत्र मिळालं होतं, गोदा. चोवीस जानेवारीला, शनिवारी. त्याच दिवसांत यांचं मन आतून फिरलं होतं. बैठकीत तेजी बोलायचे आणि धामणगावच्या एका व्यापाऱ्याला गुपचूप सगळे शेअर विकायचं चाललं होतं. पत्र वाचून हे म्हणाले, हे आत्ता अकोल्याला गेलं तर गोदावरीबाई भावजींना सांगणार. भावजी पूजा सांगायला पेठेत घरोघर जातात. कंपनीचीच माणसं पळून येताहेत हे चार दिवसांत धामणगावला कळेल, आणि गिऱ्हाईक मोडेल. आठ दिवस थांब. मी पाटल्यांचा विचार केला आणि पत्र पेटीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी बैठकीला सांगितलं, या खेपेला पत्र नाही. तुलाही तसंच लिहिलं. व्यापारी चार फेब्रुवारीला आला, सौदा झाला. पाच तारखेला तुझ्या नावानं मी हरिहरला 'ये' अशी तार केली. ती पोचली नाही, आणि पोचून उपयोगही नव्हता, बोट तीन तारखेला सुटली होती. आम्ही मात्र सुटलो. माझ्या हातात नव्या पाटल्या आहेत. तुझ्याकडे आले तेव्हा काढून ठेवल्या होत्या.

ते पत्र सोबत पाठवते आहे. वाचताना जवळ कुणीतरी असू दे. त्यात तो लिहितो, आई, कंपनी मला तीन फेब्रुवारीच्या बोटीत जागा देते आहे. बाबांना एकदा विचार. सांगतील ते प्रायश्चित्त घेईन. घरात नको असेन तर ओसरीवर निजेन. अनूमावशीकडून 'ये' एवढीच तार करव, मी निघतो. तार आली नाही तर बाबा अजून नाही म्हणताहेत असं समजेन आणि इथंच राहीन. गोदा, हे पत्र भावजींना वाचून दाखव. मग माझं काय करायचं ते दोघं ठरवा. मला तोंड दाखवू नकोस म्हणालात तर ऐकेन. पण त्यांना सांग, तो घर विसरला नव्हता. तुम्ही नको म्हणालात असं समजून तो त्या वाटेनं चालत गेला, आणि तुम्हाला तर कुणी विचारलंच नव्हतं.

तुझीच म्हणायला तोंड उरलं नाही, पण दुसऱ्या कुणाची म्हणून सही करू?

तुझीच,
अनू