दोन दारांचा गालिचा

आई, खोलीतल्या गालिच्याचा मधल्या जोडाच्या अलीकडचा तुकडा गडद आणि पलीकडचा फिका आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. तुझ्या भाच्याने घातलेला गालिचा. तू जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा आधी हे सांगते की जव्हारच्या माझ्या घरात आता फरशी आहे आणि थंडीत ती इतकी गारठते की सकाळी माझे गुडघे उठायलाच तयार नसतात. डॉक्टर म्हणाले, अनवाणी चालू नका. घरात चपला घालून फिरायला लागले तर तुझाच आवाज कानात यायचा, म्हणून मुलीने सुचवलं, बाहेरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा घालून घे. तुझा भाचा वीस वर्षं ठाण्यातल्या ऑफिसांमध्ये हेच काम करून मोखाड्याला परत आला होता, आणि इकडे त्याला अजून कुणी हाक मारली नव्हती. इकडे गालिचा घालतंय कोण! त्याचं पहिलं घर माझं. तो म्हणाला, "बाय, तुझा घर चांगला झाला का लोक बघतील. मंग तो लॉजवाला बी बोलवल." शिरपामाळच्या वाटेवर एक लॉज आहे, त्याच्या मालकाला सगळ्या खोल्यांतून गालिचे घालायचे होते. तेवढं काम मिळालं की याचं बस्तान बसणार होतं, परत ठाण्याला जावं लागणार नव्हतं.

गालिचा लूपचा आहे. म्हणजे वरचा दोरा कापलेला नसतो, त्याचे बारीक बारीक वेढे ओळीने बसवलेले असतात, स्वेटरच्या टाक्यांसारखे. त्याने तो दाखवला, मी हो म्हणाले, आणि हो म्हटल्यापासून माझा डोळा त्याच्या हातांवर. तो भिंतीकडेने खिळ्यांच्या पट्ट्या ठोकत होता तेव्हा मी खुर्ची टाकून बसले होते. तो म्हणाला, गुंडाळी एक दिवस खोलीत नुसती पसरून ठेवू, तिला हवा लागू दे, मग ताणून बसवू. मला वाटलं, हा दिवस वाढवतोय. म्हटलं, आजच्या आज संपव, उद्या माझ्याकडे माणसं येणार आहेत. त्याने संपवला. मग पावसाळ्यात खोलीच्या मधोमध गालिच्याला लाट आली, पाय अडखळण्याएवढी, आणि मी शेजारणीला सांगितलं की याने नीट ताणलाच नाही, अंगचोरपणा केला. पुढे कपाटाच्या पायाशी एक वेढा वर आला. मी तो धरून ओढला, गोणीची शिवण उसवतात तसा, आणि दोरा सुटत सुटत थेट भिंतीपर्यंत गेला. मागे एक उघडी रेघ राहिली. तेव्हाही मी म्हटलं, मालच हलका आणला असणार. पण माझ्या मनातून जात नव्हता तो जोड. खोली मोठी, त्यामुळे गालिच्याचे दोन तुकडे मध्ये जोडलेले, आणि दोन्हीचा रंग वेगळा. एकाच गुंडाळीतले म्हणून सांगितलेले तुकडे वेगळे दिसतात म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. ठाण्याच्या कामातला उरलेला तुकडा माझ्या गळ्यात मारला, असं मी मनाशी पक्कं केलं. कोपरा उचलून पाठ तपासली, वास घेतला, चष्मा लावून वेढे मोजले. पाठ दोन्हीकडे सारखीच होती. त्यावरही मला वाटलं, बघ, किती हुशारीने जुळवून आणलाय.

हा स्वभाव तुझा. मोखाड्याच्या बाजाराला आपण नाचणी दळायला घेऊन जायचो तेव्हा तू गिरणीच्या तोंडाशी ठाण मांडून बसायचीस. अंगभर पीठ, पापण्यांवर पीठ, पण उठायची नाहीस. गिरणीवाल्याला सगळ्यांदेखत सांगायचीस, "माझी नाचणी मनाच दे. मागं तू दुसऱ्याची दिली, कडू लागली." तो हसायचा, पहिल्या धारेची चिमूट तुझ्या तळहातावर ठेवायचा, तू जिभेला लावायचीस आणि मग मान हलवायचीस. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शाळेत जाणारी मुलगी मी, मला वाटायचं ही बाई कुणावर विश्वास म्हणून ठेवत नाही. आता कळतं, तू संशय घ्यायचीस तो तोंडावर, आणि फिटला की तिथेच सोडून यायचीस. मी तुझा संशय तेवढा उचलला.

कारण लॉजवाला आला तेव्हा मी काय केलं ते ऐक. तो माझा जुना विद्यार्थी, अजून बाई म्हणतो. चहा घेऊन उठला, नेमका जोडावर येऊन उभा राहिला आणि विचारलं, "बाई, काम कसं करतो हो तुमचा भाऊ? देऊ का त्याला?" मी म्हणाले, "माणूस घरचा आहे, म्हणून मी काही बोलत नाही." एवढंच. मग पायाकडे बघून म्हटलं, "रंग तुम्हालाही दिसतोच आहे." त्याने खाली पाहिलं, मान हलवली, दुसरा विषय काढला. पंधरा दिवसांनी लॉजवर नाशिकची माणसं कामाला आली. तुझा भाचा मोखाड्यात पडदे शिवतोय असं कानावर आलं, आणि नंतर, परत ठाण्याला जायचं म्हणतोय असं.

गेल्या महिन्यात सकाळी मी अंगणातून त्या खोलीच्या, एरवी बंदच असणाऱ्या मागच्या दाराने आत आले आणि उंबऱ्यातच थांबले. फिका तुकडा गडद झाला होता आणि गडद तो फिका. आधी वाटलं, रात्रीत कुणी बदलला. चालत पुढच्या दाराशी गेले, रंग पुन्हा आपल्या जागी. मागे आले, उलटे. या दारातून त्या दारात, गुडघे बोलायला लागेपर्यंत मी फेऱ्या मारल्या. माल एकच होता. फक्त दोन तुकड्यांचे वेढे दोन बाजूंना कललेले होते, आणि ज्याचे वेढे बघणाऱ्याकडे कललेले तो गडद दिसत होता.

आई, मी सात-आठ वर्षांची असेन. तू रानात गेलेली, आणि मी तुला खूश करायला घर सारवायला घेतलं. दारापासून सुरू केलं आणि शेण घेत घेत चुलीच्या कोपऱ्यात जाऊन अडकले. पुढे सगळी ओली जमीन. तू दारात उभी. मला वाटतं तू हसशील, येऊन उचलून घेशील. तू म्हणतेस, "रहा आता उभी. सुकल तवर." दुपार होईतो मला तिथेच उभी केलीस, पलीकडून हाताने दाखवत राहिलीस, चुलीकडून दाराकडे यायचं, हात नेहमी दाराकडे संपला पाहिजे. आपल्या घराला दोन दारं होती, तर अर्धं घर पुढच्या दाराकडे आणि अर्धं मागच्या दाराकडे. मधल्या आढ्याखाली तुझ्या हाताचे अर्धगोल एकमेकांकडे पाठ करून असायचे. तुझा भाचाही ते बघतच वाढला, तो तर आपल्याकडेच पडून असायचा.

आणि गालिचा घालताना मी त्याला हेच करायला लावलं होतं. दुसरा तुकडा त्याने पहिल्याच्या रोखाने मांडला होता. मी म्हटलं, फिरव. या घराला दोन दारं आहेत, अर्धा इकडे येऊ दे, अर्धा तिकडे. तो म्हणाला, "बाय, असा नाय कराचा. जोडावर रंगाचा फरक दिसल." मी म्हटलं, ठाण्याचं ठाण्याला ठेव, आईच्या हातची जमीन कशी असायची ते मला ठाऊक आहे. तो हसला, आणि फिरवला. हे सगळं मी साफ विसरून गेले होते.

मी फोन केला. तो जीपने आला, दाराबाहेर चपला काढल्या, लाटेवरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "परत ताणाचा लागल, ओल गेली का." नंतर वर आलेले आणखी दोन वेढे त्याने ओढले नाहीत. कातर मागितली. मला नोकरी लागली तेव्हा तू मोखाड्याच्या बाजारातून आणलेली, मास्तरीण झाली, आता कागद कापायला लागतील म्हणून, तीच मी त्याला दिली. त्याने ते वेढे गालिच्याच्या पातळीला अलगद छाटले. मी विचारलं, "लॉजवाल्याने जोडाचं काढलं असेल ना तुझ्याकडे?" म्हणाला, "इचारला ना." "मग तू सांगायचंस, माझ्या बहिणीने फिरवायला लावला." तो कातर पुसत बसला. मग म्हणाला, "आत्याचा सारवण तसाच होता, ह्या त्याला काय सांगू? तो हसला असता. मी आत्याला कसा हसू देऊ?" मला रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी चहाच्या निमित्ताने आत गेले.

लॉजवाल्याला मी त्याच दिवशी फोन करून सांगितलं, चूक माझी होती, कारागिराची नव्हती. तो म्हणाला, "अरेरे. बाई, आता सगळ्या खोल्या झाल्या की हो." पण कुणी विचारलं तर याचं नाव सांगतो म्हणाला. सांगेल का, मला शंकाच आहे. तुझ्या भाच्याला मी चहा देताना म्हटलं, "मी साफ विसरले होते रे." तो "हां" म्हणाला, मान वर न करता. त्या "हां"वर मी महिनाभर विचार करतेय, याला कळलंय की नाही. निघताना तो म्हणाला, दुसरा तुकडा उचलून सरळ रोखाने घालून देतो. मी नको म्हटलं.

वर जे लिहिलंय, विसरले म्हणून, ते त्याला सांगितलं तसंच तुलाही सांगितलं. आई, मी विसरले नव्हते. लॉजवाला जोडावर उभा होता तेव्हाच मला त्याचं "फरक दिसल" स्पष्ट ऐकू आलं होतं. माझ्या विद्यार्थ्यासमोर खोट माझ्यात निघण्यापेक्षा त्याच्यात निघालेली मला चालणार होती, म्हणून मी ते वाक्य बोलले. मागच्या दारातून रंग उलटा दिसला तेव्हा मी त्या फेऱ्या मारल्या, त्या कुठूनतरी चूक त्याचीच निघावी म्हणून. हे त्याच्या तोंडावर सांगायला मोखाड्याला जायचं म्हणून मी दोनदा जीपच्या थांब्यापर्यंत गेले आणि परत आले.