गुडघ्याखाली चार बोटं

रेक्टरबाईंना नमस्कार,

तुमच्या वसतिगृहात सातवीत जी लंबू आहे, तिची मी आजी. चार यत्ता शिकलेय, तेव्हा चुका काढत बसू नका.

स्कर्ट गुडघ्याखाली चार बोटं हवा आणि आत जादा दुमड नको, असं तुमच्या कागदात होतं. एरवी वाढत्या पोरीच्या कपड्यात मी वीतभर कापड आत सोडते. पण नियम म्हणून ते कापून टाकलं. पोर मात्र तुम्हाला न विचारताच वाढली. स्कर्ट आखूड, म्हणून सकाळी रांगेत उभं करत नाहीत. रांगेत नाही, म्हणून गैरहजर. गैरहजर, म्हणून घरची सुट्टी बंद. नवा स्कर्ट मी शिवून आणला, तर पहारेकरी म्हणतो, "आजी, सुट्टी बंद असलेल्या मुलीला घरचं काही देता येत नाही." वा रे न्याय!

रविवारी फाटकाच्या गजांतून बोलू दिलं.

"आता रोज हजेरी लागते माझी," ती म्हणाली.

"ती कशी गं?"

"गुडघे वाकवून उभी राहते. स्कर्ट खाली दिसतो. महिनाभर हजेरी भरली की सुट्टी परत मिळते. अकरा दिवस राहिलेत. तू बाईंना काही लिहू नकोस हं."

म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहील. तुम्ही वाचलंत, तर आधी तिचे गुडघेच बघाल.

माझ्यापुढेही ती तशीच वाकून उभी होती. म्हटलं, "अगं, इथे कोण मोजतंय? सरळ हो."

"नको आजी, सवय मोडेल."

फाटकाबाहेरची,
लंबूची आजी