बांगडा ते बंद

विक्रोळी, बुधवार

आज ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला खानावळीवरची पाटी 'बांगडा' सोडून 'आज बंद' झाली. दारातली दोघं परत गेली. मी तणतणत माळ्यावर गेले. पाट्यांचं हे चक्र यांनीच बनवलंय, कंपनीत होते तेव्हा. अर्धांग झाल्यापासून खाटेवरूनच ते रिमोटने फिरवतात. तेवढंच काम उरलंय त्यांच्याकडे.

"अहो, धंद्याची वाट लावलीत!"

"चुकान दाबलां गेलां गो," हे म्हणाले. "इलंस तर वायच बस."

बसले. गुडघा सकाळपासून ठणकत होता, उठतानाच यांना म्हटलंही होतं. दिवसभरात पहिल्यांदा टेकले. रागही जरा उतरला.

मग रिमोट घेऊन खिडकीतून पाटीकडे पाहिलं. एकदा दाबलं की एक पाटी पुढे. 'बंद'नंतर लगेच 'बांगडा' आला.

पण बांगड्यावरून बंदवर? मधे सुरमई, कोळंबी, तिसऱ्या, बोंबील. चक्र उलटं फिरत नाही. म्हणजे पाच वेळा दाबायला लागतं. चुकून पाच वेळा?

खाली येऊन भाकऱ्या थापल्या.

सदऱ्याची गुंडीसुद्धा मीच लावून देते त्यांना. त्यांच्या त्या अधू अंगठ्याने, पाच वेळा.