ठुमकीची चाल

२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अखेर बाबांची ठुमकी माणसात येतेय. कार्टूनमधलं बदकाचं पिल्लू आता टीव्हीवर पिवळ्या रेनकोटातली मुलगी झालंय, आणि मालिकेचा दिग्दर्शक आहे तुझा हा भाचा. बाबा गेले आणि त्यांचं बदक माझ्या पदरात टाकून गेले. ती मुलगी ठुमकीसारखी एका बाजूला कलत चालते तेव्हा लाइटवाले पोट धरून हसतात. तळ्यावरच्या बदकाकडे बघून बाबांनी ती चाल उचलली, असं तूच सांगायचीस ना.

एकाच ठिकाणी कात्री लावली आहे. बाबांच्या कार्टूनच्या भागांत मधेच ठुमकीचे सगळे मित्र नुसते उभे असतात, काही घडतच नाही. चॅनेलवाल्यांना तेवढा दम नाही. बुधवारी शूटिंगला ये. सेटवरचा चहा तुझ्या फिक्क्या चहापेक्षा नक्की बरा असतो.

लोभ आहेच, तो चारचौघांत मिरवायला तरी ये.
तुझा
भोपू

७ मार्च

चि. भोपूस,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी डोकं दुखतंय म्हणून मी सेटवरून जेवणाआधीच निघाले, ते खोटं होतं. डोकं ठणठणीत होतं.

तळ्यावर बदक कधीच नव्हतं. ठुमकीची चाल माझी आहे. ऑपरेशन झालं, हा जाड तळव्याचा बूट आला, त्याच्या आधीची. तुझा तेव्हा जन्मही नव्हता. घरात तो विषय कोणी काढत नसे, आणि बदकाची थाप मीच मारली.

त्या मुलीचा दोष नाही, तिनं हुबेहूब केलं. सगळे हसले तेव्हा मीही हसले, न हसणारी एकटीच उठून दिसले असते म्हणून. त्याची मला फार लाज वाटते. इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, वर्गात कुणाची हसायची टाप नव्हती, आणि तिथे मी खुर्चीखाली पाय ओढून बसले.

कार्टून बघताना मला असं कधी झालं नाही, ते तू जे कापलंस त्याच्यामुळे. शाळेत जाताना दादा थोडा पुढे जायचा आणि बुटाची नाडी बांधत बसायचा. मी पोहोचले की उठायचा. तुझ्यासाठी थांबलोय, असं एकदाही म्हणाला नाही. ठुमकीचे मित्रही तसेच, कुणी ढग बघतं, कुणी खडे वेचतं. तिथे काही घडत नाही, असं तुला वाटलं.

टोचावं म्हणून लिहिलेलं नाही. टोचलं तर मात्र माझी हरकत नाही. जेवणाची आबाळ करू नकोस, आणि या पत्रानं माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी
आत्या

१५ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो. हसणाऱ्यांत पहिला मीच होतो, आणि तू माझ्या शेजारी बसली होतीस.

निर्मात्याकडे जाऊन थांबण्याचे प्रसंग परत मागितले. त्यानं तोंड वाकडं केलं, पण एक भाग करून दाखव म्हणाला. जमला नाही तर आहे तेच टीव्हीवर जाणार. आणि जमत नाहीये. नट थांबतात ते थांबल्यासारखेच दिसतात. एक उसासे टाकतो, दुसरा तिच्या पायांकडे बघतो. शेवटी मीच कॅमेऱ्यासमोर नाडी बांधायला बसलो. आत्या, मुलगी पोहोचायच्या आत मी दर वेळी उठून चालायला लागतो. माझ्या ते लक्षातही येत नाही, नंतर पडद्यावर दिसतं.

ते बघताना आठवलं, त्या बुधवारी तुझी पिशवी घेऊन मी गेटपासून सेटपर्यंत असाच पुढे निघून गेलो होतो. वळूनही पाहिलं नव्हतं.

मुलगा बाबांचा, आणि एवढं येत नाही. सोमवारी शेवटचा प्रयत्न आहे. येशील? बूट घालायचा की नाही ते तुझं तू ठरव. कॅमेरा नाही, कुणी नाही, आधी आपण दोघंच गेटपासून चालू. मी कुठे उठतो ते सांग.

लोभ असू द्यावा असं लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो.
भोपू